धावणारी मुलं, ट्यूबलाइटचा उजेड आणि घरातला पहिला कॅमेरा

प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्यातलं दोन बेडरूमचं घर, चार वर्षांची मुलगी आणि दीड वर्षाचा मुलगा. फोनवर दिवसाचे फोटो चांगले येतात, पण संध्याकाळी घरात काढलेले बहुतेक फोटो हललेले असतात. दुकानदार दोन लेन्सचा कॉम्बो सुचवतो, मित्र म्हणतो ५० एमएमची लेन्स घ्या, आणि व्हिडिओंमध्ये सांगतात की स्टॅबिलायझेशन नसलेली बॉडी (म्हणजे लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) घेऊच नका. आई-बाबा दोघांनीही आजवर कॅमेरा हाताळलेला नाही. मग घ्यायचं काय?

या तिन्ही सल्ल्यांमध्ये तुमच्या घराचा आणि तुमच्या मुलांचा विचार झालेला नाही. म्हणून आधी फोटो का हलतो, ते पाहू. त्याचं उत्तर मिळालं की खरेदीची यादी बरीच लहान होते.

हॉलमधून धावत जाणारं लहान मूल सेकंदाला साधारण तीन मीटर अंतर कापतं. शटर, म्हणजे उजेड आत सोडणारा कॅमेऱ्यातला पडदा, १/६० सेकंद उघडं राहिलं तर तेवढ्या वेळात मूल ५ सेंटिमीटर पुढे सरकतं, म्हणजे चेहरा फासला जाणारच. १/२५० ला ते १२ मिलिमीटर सरकतं, १/५०० ला ६ आणि १/१००० ला ३. यावरून सोपा हिशेब बांधता येतो: बसून खेळणाऱ्या मुलासाठी १/२५०, चालणाऱ्या-धावणाऱ्यासाठी १/५००, झोका, उडी आणि चेंडूसाठी १/१०००. फोन अंधारात शटर मंद करतो आणि अनेक फ्रेम एकमेकींवर बसवून एक फोटो तयार करतो. समोरचं मूल हललं की त्या फ्रेम जुळत नाहीत आणि हाताला दोन-दोन कडा दिसतात.

स्टॅबिलायझेशनचा गैरसमज इथेच दूर होतो. ते तुमच्या हाताची थरथर सावरतं, मुलाची धाव थांबवत नाही. १/२५० च्या पुढे हाताच्या थरथरीचा प्रश्न तसाही फारसा उरत नाही. त्यामुळे फोटोंसाठी बॉडीत स्टॅबिलायझेशन नसलं तरी अडत नाही. चालता चालता व्हिडिओ खूप काढणार असाल तरच त्यासाठी जास्तीचे पैसे द्या.

रात्रीच्या ट्यूबलाइटमध्ये १/२५० चा वेग ठेवायचा तर तेवढा उजेड कुठून तरी आणावा लागतो. मध्यम उजेडाच्या हॉलमध्ये एफ/१.८ ची लेन्स असेल (एफचा आकडा जितका लहान, तितका जास्त उजेड आत येतो) तर आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाबद्दलची संवेदनशीलता, ३२०० च्या आसपास ठेवून काम होतं, आणि आजच्या कॅमेऱ्यांवर ३२०० ला येणारे दाणे घरच्या प्रिंटमध्ये फारसे जाणवत नाहीत. तोच फोटो किट लेन्सने काढून पाहा. कॅनन आर५० सोबत येणारी १८-४५ एमएम लेन्स झूमच्या टोकाला एफ/६.३ होते आणि एफ/१.८ च्या तुलनेत बाराव्या हिश्शाइतकाच उजेड आत घेते. म्हणजे आयएसओ ३९ हजारांच्या आसपास न्यावा लागेल, आणि त्या कॅमेऱ्याची नेहमीची कमाल मर्यादाच ३२ हजार आहे. मग कॅमेरा एक तर शटर मंद करतो किंवा फोटो काळा काढतो. नवा कॅमेरा घेऊनही फोनसारखेच हललेले फोटो येतात, ते यामुळे. दोष बॉडीचा नसतो, समोर लावलेल्या लेन्सचा असतो.

तेव्हा पैशांची पहिली जागा ठरली: एफ/२ किंवा त्याहून कमी आकड्याची एक प्राइम लेन्स, म्हणजे झूम नसलेली. तिच्यासाठी बॉडी एक पायरी खालची घ्यावी लागली तरी घ्या.

पण कोणती प्राइम? या प्रश्नावर जरा थांबायला हवं, कारण सगळ्यात जास्त चुकीची खरेदी इथे होते. ५० एमएम एफ/१.८ ही जवळपास प्रत्येक कंपनीची स्वस्त लेन्स, म्हणून ती सरसकट सुचवली जाते. पण सुरुवातीच्या कॅमेऱ्यांचा सेन्सर एपीएस-सी आकाराचा, म्हणजे फुल फ्रेमपेक्षा लहान असतो. त्यावर ५० एमएम ही कॅननला ८० आणि निकॉन-सोनीला ७५ एमएमसारखी वागते, आणि एमएमचा आकडा जितका मोठा तितका समोरचा कमी भाग फ्रेममध्ये मावतो. तीन फूट उंचीचं उभं मूल थोडी मोकळी जागा ठेवून आडव्या फ्रेममध्ये बसवायचं तर कॅननवर ५० एमएमने जवळपास १३ फूट मागे जावं लागतं. हॉल १० बाय १४ चा असेल, त्यात सोफा आणि टीव्हीचं युनिट, तर तुमची पाठ भिंतीला टेकेल आणि मूल तरीही अर्धंच येईल. त्याच चौकटीसाठी ३५ एमएमला सुमारे ९ फूट लागतात, ३० एमएमला ८, आणि २३-२४ एमएमला जेमतेम ६. आपल्या घरांत खरोखर मिळतं ते अंतर सहा ते आठ फुटांचं. घरी एखादी झूम लेन्स असेल तर ती २४ वर ठेवून एक संध्याकाळ काढा, मग ५० वर एक. तुमच्या घराला काय मानवतं ते लगेच समजेल.

एमएमच्या या आकड्याचा दुसरा परिणाम फोकसवर होतो. ५० एमएम एफ/१.८ ने दीड मीटरवरून फोटो काढला तर जेमतेम ६ सेंटिमीटरचा पट्टा स्पष्ट येतो. डोळे स्पष्ट, कान धूसर. मोठं माणूस शांत बसलं असेल तर हे फार सुंदर दिसतं. दीड वर्षाचं मूल मात्र तेवढ्यात पुढे झुकतं आणि स्पष्ट पट्टा त्याच्या केसांवर जातो. त्याच अंतरावर २४ एमएम एफ/१.७ ला २५ सेंटिमीटरच्या आसपास पट्टा मिळतो, चेहरा आणि हातातलं खेळणं दोन्ही त्यात मावतं. नवशिक्याला हे फार उपकारक आहे. मागचा भाग कमी विरघळतो हे खरं. पण त्या मागच्या भागात तुमचं घर असतं, आजीची खुर्ची असते, भिंतीवरच्या रेघोट्या असतात. वीस वर्षांनी तेच पाहायचं असतं.

आता बॉडीकडे वळू. तिच्याकडून तीन गोष्टी हव्यात: डोळा ओळखून सतत त्याच्यामागे जाणारा फोकस, बाहेर उघडून वळणारा टच स्क्रीन आणि दोघांनाही उचलावासा वाटेल इतकं वजन. स्क्रीनचं महत्त्व दुकानात कोणी सांगत नाही. मुलांचे फोटो त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढायचे असतात, म्हणजे जमिनीपासून दीड-दोन फुटांवरून. स्क्रीन वळत नसेल तर प्रत्येक फोटोला फरशीवर आडवं व्हावं लागतं. आठवड्याभरात तो उत्साह मावळतो आणि मग वरून काढलेले डोक्यांचे फोटो जमा होतात.

नव्यामध्ये माझी पहिली पसंती निकॉन झेड५०-२ आणि तिच्यावर झेड डीएक्स २४ एमएम एफ/१.७. ही बॉडी २०२४ च्या अखेरीस आली. तिचा फोकस निकॉनच्या वरच्या कॅमेऱ्यांच्या प्रोसेसरवर चालतो, हाताला पकड भक्कम आहे, दोन डायल आहेत, आणि ती लेन्स अवघी १३५ ग्रॅमची आहे. बॉडी बॅटरीसकट ५५० ग्रॅम, म्हणजे थोडी जड. एका कडेवर मूल घेऊनच बरेच फोटो काढले जाणार असतील तर ३७५ ग्रॅमची कॅनन आर५० सोयीची पडते. तिचा डोळ्यांचा फोकस उत्तम आहे आणि मेन्यू नवशिक्याला समजतील असे आहेत. तिच्यावर सिग्माची २३ किंवा ३० एमएम एफ/१.४, आरएफ माउंटची, म्हणजे या कॅननवर बसणारी. कॅननची स्वतःची आरएफ २८ एमएम एफ/२.८ छोटी आणि गोड लेन्स आहे, पण ती एफ/१.८ पेक्षा निम्म्याहून कमी उजेड घेते, रात्रीच्या हॉलसाठी ती एकटी पुरत नाही. सोनी ए६४०० हा २०१९ चा कॅमेरा. फोकस आजही विश्वासाचा, आणि सोनीसाठी स्वस्त प्राइम लेन्स भरपूर मिळतात. स्क्रीन मात्र बाजूला उघडत नाही, फक्त वर-खाली वळतो.

कॅनन आर१०० घेऊ नका. मिररलेस (आत आरसा नसलेली, नव्या पद्धतीची) म्हणून ती स्वस्तात दिसते, पण स्क्रीन वळतही नाही आणि टचही नाही. कॅननच्याच १५००डीच्या दोन लेन्सच्या कॉम्बोचंही तेच: स्थिर स्क्रीन, मधोमध गोळा झालेले ९ फोकस बिंदू, सेकंदाला ३ फ्रेम. त्यात दोन लेन्स मिळतात, पण दोन्ही कमी उजेडाच्या. तुमची अडचण संध्याकाळच्या हॉलची आहे आणि त्या दोनांपैकी एकही लेन्स तिथे उपयोगी पडत नाही.

बजेट आखडतं असेल तर वापरलेली कॅनन २००डी मार्क २ आणि ईएफ-एस २४ एमएम एफ/२.८ ही जोडी पाहा. ही लेन्सही एफ/२.८ चीच, म्हणून रात्रीसाठी पुढे सांगितलेल्या फ्लॅशचा खर्च सोबत धरा. हा डीएसएलआर, म्हणजे आरशाचा जुन्या पद्धतीचा कॅमेरा, असला तरी स्क्रीनवर पाहून काढताना डोळा ओळखतो; डोळा लावून पाहायच्या व्ह्यूफाइंडरमधून काढताना ती सोय नाही, तिथे पुन्हा ९ बिंदू. निकॉनचा वापरलेला डी५६०० घेतला तर उलट करायचं: व्ह्यूफाइंडरच वापरायचा, कारण स्क्रीनवरचा त्याचा फोकस धावत्या मुलासाठी फार संथ आहे. त्यावर ३५ एमएम एफ/१.८जी डीएक्स लावा. निकॉनच्या जुन्या 'डी' अक्षराच्या लेन्स या बॉडीवर ऑटोफोकस करत नाहीत, कारण बॉडीत मोटर नाही. स्वस्त ५० एमएम एफ/१.८डी दिसली तरी मोहात पडू नका.

वापरलेली लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च एका बाजूने आत टाका आणि दुसऱ्या बाजूने तिरकं पाहा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी आहे. मुंबई-कोकणातल्या दमट कपाटात वर्षानुवर्षं पडून राहिलेल्या लेन्समध्ये ती सर्रास आढळते. अशी लेन्स कितीही स्वस्त मिळाली तरी सोडून द्या. धुळीचे चार कण असतील तर त्याने काही बिघडत नाही.

नवीन घेताना जीएसटीचं बिल घ्या आणि बिलावरचा सीरियल नंबर खोक्यावरच्या आणि बॉडीवरच्या नंबराशी ताडून पाहा. 'बिलाशिवाय इतके कमी' असं ऐकू आलं तर ती वस्तू बहुधा कंपनीच्या भारतातल्या वॉरंटीत बसणारी नाही. कॅमेऱ्याचे भाव सणासुदीला बरेच हलतात, म्हणून रक्कम लिहीत नाही, प्रमाण सांगतो: शंभर रुपयांत साठ बॉडीचे, तीस प्राइम लेन्सचे, दहा कार्ड, जादा बॅटरी आणि साठवणुकीचे. किट झूम बॉडीसोबत थोड्या फरकात मिळत असेल तर घ्या, दिवसा बाहेर ती चालते. नसेल मिळत तर तिच्यासाठी अडू नका.

कॅमेरा घरी आला की सेटिंग एकदाच नीट लावायचं. डायल एम (मॅन्युअल) वर ठेवा, शटर १/२५०, ॲपर्चर (लेन्सचं उजेड आत घेणारं भोक) एफ/२, आणि आयएसओ ऑटोवर. ऑटो आयएसओची कमाल मर्यादा १२८०० ठेवा. अशाने शटर आणि ॲपर्चर तुमच्या हातात राहतात आणि उजेडाची कमी-जास्त कॅमेरा सांभाळतो. मुलं धावू लागली की एकच डायल फिरवायचा, १/५००. खिडकीजवळ दिवसा आयएसओ आपोआप ४००-८०० वर उतरेल, रात्री ३२००-६४०० वर चढेल. दाण्यांना घाबरू नका. दाणेदार फोटो नंतर सॉफ्टवेअरने बराच साफ होतो, हललेला फोटो कशानेही सरळ होत नाही. भर उन्हात मात्र एफ/२ आणि १/२५० ला फोटो पांढरा पडेल, तिथे ॲपर्चर एफ/११ करा, किंवा एफ/५.६ करून शटर १/१००० वर न्या.

फोकस मोड बदलायला विसरू नका. निकॉन-सोनीवर एएफ-सी, कॅननवर सर्व्हो. कॅमेरा खोक्यातून निघतो तेव्हा बऱ्याचदा एकदाच फोकस करून थांबणाऱ्या मोडवर असतो. बटण अर्धं दाबलं, फोकस झाला, मूल एक पाऊल पुढे आलं, मग फोटो निघाला: कॅमेऱ्याने त्याचं काम बरोबर केलं, फक्त मूल आता तिथे नव्हतं. ओळखायचा विषय 'माणसं' निवडा, डोळ्यांचा फोकस चालू ठेवा, फोकसचा भाग पूर्ण फ्रेमचा ठेवा.

बर्स्ट, म्हणजे बटण दाबून धरल्यावर लागोपाठ निघणारे फोटो, सेकंदाला ५-६ फ्रेमचा पुरे, आणि एका वेळी चार-पाच फ्रेम. पूर्ण वेगाने दाबून धरलं तर एका वाढदिवसाचे आठशे फोटो होतात आणि ते निवडायला कोणी बसत नाही. सुरुवातीचे दोन-तीन महिने जेपेगच काढा. मग रॉ (कॅमेऱ्याने प्रक्रिया न केलेली मोठी फाइल) आणि जेपेग दोन्ही. रॉ मध्ये बर्स्ट घेतला की स्वस्त बॉडीची तात्पुरती मेमरी लवकर भरते आणि नेमकी पुढची उडी हुकते.

'सायलेंट' किंवा इलेक्ट्रॉनिक शटर घरात बंद ठेवा. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे स्वस्त एलईडी दिवे सेकंदाला १०० वेळा लुकलुकतात. डोळ्यांना ते दिसत नाही, पण इलेक्ट्रॉनिक शटर फ्रेम वरून खाली हळूहळू वाचतं आणि फोटोवर आडवे काळे पट्टे उमटतात. मेन्यूत अँटी-फ्लिकर असेल तर चालू करा. रंगांसाठीही एक साधी गोष्ट: पांढरी ट्यूब आणि पिवळा दिवा एकत्र लावू नका. चेहऱ्याची एक बाजू निळी आणि एक पिवळी येते, ती नंतर दुरुस्त करताना फार त्रास होतो. एकाच रंगाचे सगळे दिवे लावा.

औक्षणाच्या वेळी मूल पाटावर बसलेलं असतं, तिथे १/१२५ चालतं. निरांजनाचा उजेड चेहऱ्यावर हवा असेल तर मोठी ट्यूब बंद करून मागचा एखादा दिवा ठेवा आणि फ्लॅश अजिबात नको.

फोटो बिघडला की कारण ओळखायला शिका, निम्मं शिक्षण तिथेच होतं. फोटो मोठा करून पाहा. भिंत, सोफा स्पष्ट आणि मुलाचे हात-चेहरा फासलेले: शटर मंद, वेग दुप्पट करा. मुलाचा शर्ट किंवा कान स्पष्ट आणि डोळे धूसर: फोकस चुकला, मोड तपासा किंवा ॲपर्चर एफ/२.८ करा. सगळंच एका दिशेने ओढल्यासारखं: हात हलला, बटण दाबताना झटका बसतो आहे. सगळंच धुरकट आणि फिकट: लेन्सवर छोट्या बोटांचे ठसे. हे शेवटचं कारण लहान मुलांच्या घरात वाटतं त्याहून फार जास्त वेळा निघतं.

प्राइम लेन्सने दोन-तीन महिने काढल्यानंतर पुढचा खर्च फ्लॅशवर करावा, दुसऱ्या लेन्सवर नव्हे. डोकं वर वळणारा, टीटीएल असलेला, म्हणजे उजेडाची मात्रा आपोआप ठरवणारा, छोटा फ्लॅश घ्या, गोडॉक्सच्या टीटी३५० एवढा. घराचं छत साधारण ९-१० फुटांवर आणि पांढरं असेल तर फ्लॅश वर, किंचित मागच्या बाजूला झुकवून मारा. संपूर्ण छतच मोठ्या दिव्यासारखं उजळतं. एम मोड, १/२००, एफ/४, आयएसओ ८००, यावर फ्लॅशला पूर्ण शक्तीच्या पाव भागाच्या आसपास काम पडतं आणि तो पुढच्या फोटोसाठी लवकर तयार होतो. फ्लॅशचा उजेड सेकंदाच्या हजाराव्या भागात किंवा त्याहूनही कमी वेळात संपतो, म्हणून धावणारं मूलही जागीच थांबल्यासारखं येतं. छताला रंगीत पीओपी असेल तर तो रंग चेहऱ्यावर उतरतो. मग मागच्या पांढऱ्या भिंतीवर मारा. थेट तोंडावर, जवळून, कधीही नको. तान्हं बाळ दचकतं आणि फोटोही सपाट येतो.

फ्लॅश घेण्याआधी बॉडीचा हॉट शू, म्हणजे वरची फ्लॅश बसवायची खाच, पाहा. कॅनन १५००डी आणि २००डी मार्क २ च्या शूमध्ये मधली पिनच नाही, त्यामुळे एका पिनवर चालणारे स्वस्त मॅन्युअल फ्लॅश त्यांवर पेटतच नाहीत. आर५० चा शू तर नव्या पद्धतीचा आहे, जुन्या धाटणीच्या फ्लॅशसाठी कॅननचं एडी-ई१ हे ॲडॉप्टर वेगळं घ्यावं लागतं. तो खर्च आधीच धरा.

लांब झूमचं काय? शाळेच्या मैदानावरच्या शर्यतीसाठी ती लागते: निकॉनची ५०-२५०, कॅननची ५५-२१०. उन्हात १/१००० ला छान चालतात. स्नेहसंमेलनाच्या अंधाऱ्या सभागृहात मात्र एफ/६.३-७.१ ला काही मिळत नाही. तिथे प्राइम लेन्स घेऊन पुढच्या रांगेत बसणं जास्त उपयोगाचं. मुलगी पहिलीत जाईपर्यंत झूम घेण्याची घाई नको.

कार्ड ६४ जीबीची दोन, व्ही३० ही वेगाची खूण लिहिलेली. एकच मोठं घेऊ नका, ते बिघडलं तर सगळं जातं. बाजारात नकली कार्डं पुष्कळ आहेत, नवं कार्ड एच२टेस्टडब्ल्यू या मोफत प्रोग्रामने पूर्ण भरून तपासा आणि मगच त्यावर वाढदिवस काढा. नातेवाइकांना व्हॉट्सॲपवर पाठवताना 'डॉक्युमेंट' म्हणून पाठवा, नाहीतर फोटो आकसून जातो आणि इतका खर्च करून मिळालेला बारकावा वाटेतच हरवतो.

साठवणीला महागडं कॅबिनेट लगेच लागत नाही. घट्ट झाकणाचा प्लास्टिकचा डबा, त्यात २००-२५० ग्रॅम सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतं. मुलांच्या हाती मात्र ते लागू देऊ नका. डांबराच्या गोळ्या डब्यात टाकू नका, आणि चामड्याच्या कव्हरमध्ये कॅमेरा बंद करून ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. पावसाळ्यात एसी गाडीतून उतरताच कॅमेरा बाहेर काढला तर थंड काचेवर वाफ धरते. बॅगेतच वीस-तीस मिनिटं राहू द्या. रंगपंचमीला आणि समुद्रावर लेन्स बदलू नका; रंगाची पूड आणि वाळू एकदा आत गेली की ब्लोअरने निघत नाही.

घरात असताना कॅमेरा डब्याबाहेर, हाताशी ठेवला तरच वापरला जातो. चार फूट उंचीच्या फळीवर, लेन्स लावलेली, बॅटरी आत, आणि पट्टा वर गुंडाळलेला. लोंबणारा पट्टा दीड वर्षाचं मूल ओढतंच आणि कॅमेरा त्याच्याच डोक्यावर येतो. वापरून झाला की ठेवण्याआधी शटर पुन्हा १/२५० वर आणा, कारण पुढच्या वेळी उचलाल तेव्हा सेटिंग पाहायला वेळ नसेल.